अब्रूदार गरिबांचे साहाय्य
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत संत विन्सेंट डी पॉल मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



ख्रिस्तमंदिराची बांधणी, शाळा, गायनमंडळ ह्यांविषयी आमच्या आधीच्या वक्त्यांनी आज पुष्कळ सांगितले आणि ते ऐकून आम्हां सर्वांस आनंद झाला. आमच्या वाट्यास जो विषय आला आहे त्याची गोष्ट निराळी आहे. ते काम जितके चांगले होते तितके ते कमी दिसते. मंदिराचा मनोरा दूर रस्त्यावरून दिसतो व दिसावाही. परंतु अमक्या घरचे विजेचे बिल कोणी भरले, तमक्याच्या मुलीची परीक्षेची फी कोठून आली, हे दिसता कामा नये. म्हणून मंडळाने पन्नास वर्षांत किती घरांस किती रुपये दिले ह्याचा पाढा आम्ही येथे वाचणार नाही; तो आकडा दरवर्षी सूचनाफलकावर लागतच असतो. हे साहाय्य कोणत्या रीतीने व्हावे, आणि त्याच रीतीने का व्हावे, एवढेच आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, जन्माचा दरिद्री आणि अकस्मात अडलेला हे दोघे एक नव्हेत. ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गरिबी आहे त्यास निदान तिच्या वाटा ठाऊक असतात. कोणत्या दुकानी उधार मिळते, कोणत्या दारी शब्द टाकावा, हे तो जाणतो. परंतु काल-परवापर्यंत ज्याचे बरे चालले होते, ज्याच्या घरून मागल्या नाताळात शेजाऱ्यांकडे फराळाची ताटे गेली, तो अडला म्हणजे त्याची जीभ उचलत नाही. रिक्षा चालविणाऱ्याचा पाय मोडतो. कारखान्यास कुलूप लागते. ऐन हंगामात अवकाळी पाऊस येऊन वाडीतील फुले मातीस मिळतात. बाळंतपण अवघड जाते आणि इस्पितळाचे बिल घराच्या आवाक्याबाहेर जाते. अशा घराचे पुढे काय होते ते आम्ही इतक्या वेळा पाहिले आहे की, तो क्रम आता पाठ झाला आहे. पहिल्या आठवड्यात डब्यात साठविलेले पैसे संपतात. दुसऱ्या आठवड्यात वाण्याची वही भरते. मग मुलांची फी थकते आणि एके रविवारी घरची बाई गळ्यात खोटे मणी घालून मिस्साला येते. खरे सोने गहाण पडलेले असते. तेथून व्याजास आरंभ होतो, आणि व्याज रविवार पाळीत नाही.

ह्या क्रमातच आमच्या कामाचे सारे मर्म आहे. दुसऱ्या आठवड्यात पोहोचलेले दोन हजार रुपये जे काम करतात ते सहा महिन्यांनी दिलेले वीस हजारही करीत नाहीत. कारण तोपर्यंत ते पैसे घराकडे न जाता घराच्या डोक्यावरून सावकाराकडे जातात. म्हणून संकटकाळच्या साहाय्यास दोन कसोट्या लावाव्यात असे आमचे मत आहे. ते सोने गहाण पडण्यापूर्वी पोहोचले काय? आणि ते मिळाल्यानंतरच्या रविवारी त्या घरच्या माणसांस मान वर करून मंदिरात बसता आले काय? रक्कम किती, हा प्रश्न ह्या दोहोंनंतरचा आहे.

वेळेची ही गोष्ट आपल्या ख्रिस्तसभेस नवी नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात अगाब नावाच्या संदेष्ट्याची हकीकत आपण वाचली आहे. मोठा दुष्काळ पडणार असे त्याने सांगितले, आणि अंत्युखियाच्या शिष्यांनी तेवढ्यावरच, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, यहूदीयातील बांधवांसाठी मदत पाठविण्याचे ठरवून ती बर्णबा व शौल ह्यांच्या हाती रवाना केली. लोक उपाशी मरू लागल्याची बातमी येईपर्यंत ते थांबले नाहीत. त्याच पुस्तकात, रोजच्या वाटणीत आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते अशी ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी तक्रारकर्त्यांस दटाविले नाही. त्यांनी शिष्यांकडून सात विश्वासू माणसे निवडवून त्यांजकडे ते काम सोपविले. पुढे इ. स. 251 च्या सुमारास, म्हणजे छळाचे दिवस नुकतेच सरत असता, परमगुरू कर्नेल्य ह्यांनी लिहिलेल्या एका पत्रात रोमची ख्रिस्तसभा 1500 हून अधिक विधवा व गरजवंतांचे पोषण करीत असल्याचा उल्लेख आहे. ज्या मंडळीस उघडपणे उपासना करण्याची मुभा नव्हती तिच्यापाशी गरजवंतांची यादी मात्र तयार होती!

परंतु नुसती दया असून भागत नाही. आमच्या मंडळाचे आश्रयदाते संत विन्सेंट ह्यांस हे ज्या प्रसंगी उमगले तो थोड्या विस्ताराने सांगण्यासारखा आहे. 1617 साली ते फ्रान्समधील शातियों नावाच्या लहानशा गावी धर्मगुरू होते. ऑगस्ट महिन्यातील एका रविवारी, मिस्सासाठी वस्त्रे चढवीत असता त्यांस कळले की, गावाबाहेर एका घरी सर्वच माणसे आजारी आहेत व शुश्रूषेस कोणीही नाही. त्यांनी प्रवचनात ती गोष्ट सांगितली. दुपारी ते स्वतः त्या घराकडे निघाले, तो वाटेत माणसांची रीघ! कोणी जात आहेत, कोणी परत येत आहेत, कोणी उन्हाने दमून झाडांखाली बसले आहेत. दुसऱ्या कोणा धर्मगुरूस आपल्या प्रवचनाचा हा परिणाम पाहून धन्यता वाटली असती. विन्सेंट ह्यांच्या मनात निराळाच विचार आला. ह्या लोकांची दया मोठी आहे खरी, परंतु तिला शिस्त नाही. आज त्या घरात इतके अन्न जाऊन पडेल की त्यातले काही नासेल, आणि चार दिवसांनी ते घर पुन्हा उपाशीच राहील! मग त्याच आठवड्यात त्यांनी गावातील काही स्त्रियांस एकत्र केले, पाळीपाळीने एकेकीने एकेक दिवस घ्यावा असे ठरविले, आणि त्याच वर्षी त्या मंडळीचे नियम लिहून काढिले. त्या नियमांत खजिनदार आहे, हिशोब आहे, आजाऱ्यास जेवण कसे वाढावे हेदेखील आहे. हिशोबाच्या वहीस जे लोक भक्तीचा विषय समजत नाहीत त्यांनी हे नियम अवश्य वाचावेत.

दुसरी कसोटी अब्रूची. तिचा धडा आम्हांस इटलीतील फ्लॉरेन्स शहराकडून घेता येतो. तेथे 1442 साली संत अंतोनिनो ह्यांनी, जे त्या वेळी डोमिनिकन मठाचे प्रमुख होते व पुढे त्याच शहराचे महागुरू झाले, बारा गृहस्थांची एक मंडळी स्थापिली. संत मार्टिन ह्यांच्या नावाच्या लहान मंदिरात तिचे काम चाले व आजही चालते. रस्त्यावर भीक मागणाऱ्यांसाठी ती मंडळी नव्हती. ज्यांस तिकडील लोक ‘लाजणारे गरीब’ म्हणत, म्हणजे व्यापार बुडालेले, धंदा गेलेले, चांगल्या घरचे पण आता अडलेले, ज्यांस आपण अब्रूदार गरीब म्हणू, त्यांच्यासाठी ती होती. दान टाकण्यास भिंतीत एक फट होती. आलेला पैसा साठवून जमीनजुमला करावयाचा नाही, तो गरजवंतांकडे चालता करावयाचा, असा दंडक होता. आणि पेटी अगदी रिकामी झाली म्हणजे ही मंडळी दारावर एक मेणबत्ती पेटवून ठेवीत, अशी तिकडील परंपरा सांगते. ती पाहून शहरास कळे की आता भर घालण्याची वेळ आली आहे. कोण अडला आहे हे कोणास सांगितले जात नसे; पेटी रिकामी झाली आहे एवढेच सांगितले जाई. आमच्या मते ह्यापेक्षा सभ्य याचना अद्याप कोणी शोधून काढलेली नाही.

पोर्तुगीज लोकांची ‘मिझेरिकोर्दिया’ नावाची मंडळी, जी लिस्बन येथे 1498 साली निघाली, तिच्या कामातही अशा लाजणाऱ्या गरिबांची भेट घेणे मोडत असे. गोव्यात ती होती, आणि आपल्या वसईच्या किल्ल्यातही, 1739 साली तो चिमाजी अप्पांनी घेईपर्यंतच्या अमदानीत, होती. तिचा कारभार पोर्तुगीज घराण्यांच्या हाती होता, म्हणून तिची स्तुती आम्ही मापातच करतो.

आमची संस्था मात्र विद्यार्थ्यांनी काढिली. 1833 सालच्या एप्रिल महिन्याच्या 23 तारखेस पॅरिस येथे फ्रेडरिक ओझानाम व त्यांचे काही सोबती, बायी नावाच्या एका प्रौढ गृहस्थांच्या मार्गदर्शनाखाली, पहिल्या सभेस जमले. त्या दिवशी ओझानाम ह्यांस वीस वर्षे पूर्ण झाली. आदल्याच वर्षी त्या शहरात पटकीची मोठी साथ येऊन गेली होती. गरिबांच्या घरी जावे कसे, हे ह्या मुलांस काय ठाऊक! ते त्यांस सिस्टर रोझली रांद्यू नावाच्या धर्मभगिनीने शिकविले. तिने त्यांस घरांची यादी दिली, आणि पाव व जळाऊ लाकडे मिळण्याच्या चिठ्ठ्या दिल्या. पुढे 1848 साली ओझानाम ह्यांनी एका लेखात असा विचार मांडला की, मनुष्यास खाली लेखणारी मदत असते तशी त्याचा मान राखणारीही असते. जेथे भाकरीबरोबर भेट, सल्ला व हातात हात असतो तेथे घेणाऱ्यास मान खाली घालावी लागत नाही. ते 1853 साली, अवघ्या चाळीस वर्षांचे असता, निवर्तले. 1997 साली परमगुरू दुसरे जॉन पॉल ह्यांनी त्यांस ‘धन्य’ म्हणून घोषित केले, व 2003 साली सिस्टर रोझली ह्यांसही.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या मंडळाची रीत अशी आहे. घराची अडचण आम्हांस कळते ती बहुधा त्या घराकडून नव्हे. ती शाळेतील बाईंकडून कळते, औषधाच्या दुकानातून कळते, शेजारणीकडून कळते, कधी धर्मगुरूंकडून. बातमी आली म्हणजे दोघे जण, एकटा कधीही नव्हे, त्या घरी जातात. संध्याकाळी, आणि हातात कागद-पेन्सिल न घेता. चहा दिला तर घेतात. जेथे आपण काही देणार आहोत तेथे प्रथम काही घ्यावे, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतात. साप्ताहिक सभेपर्यंत थांबण्यासारखी स्थिती नसेल तर अध्यक्ष, खजिनदार व प्रमुख धर्मगुरू ह्यांच्या संमतीने ठरीव मर्यादेतील रक्कम त्याच दिवशी दिली जाते. सभेस ती मागाहून कळविली जाते. वहीत नाव लिहीत नाहीत, क्रमांक लिहितात. क्रमांकाचे नाव ज्या कागदावर आहे तो धर्मगुरूंच्या कपाटात असतो. नावे गुप्त, आकडे उघड, हा आमचा नियम. संत पौलानेही यरुशलेमच्या बांधवांसाठी वर्गणी जमविली तेव्हा ती नेण्यास विश्वासू माणसे बरोबर घेतली, ती एवढ्याचसाठी की एवढ्या मोठ्या रकमेविषयी कोणास बोट दाखविण्यास जागा राहू नये.

पाव-लाकडांच्या चिठ्ठ्यांची पद्धत काही धर्मग्रामांत अद्याप आहे. वाण्याच्या नावे चिठ्ठी दिली म्हणजे पैसा दारूत जाणार नाही, असे तिचे समर्थन करतात. आम्ही ती शक्य तेथे टाळतो. चिठ्ठी वाण्याच्या हाती पडली की ती साऱ्या आळीच्या हाती पडली. इस्पितळाचे व शाळेचे पैसे आम्ही परस्पर भरतो, घरखर्चाचे घरच्या बाईच्या हाती देतो. ‘तो मनुष्य पितो, त्यास कशास द्यावे?’ हा प्रश्न आम्हांस दर सभेस ऐकू येतो. त्याचे उत्तर असे की, तो पितो म्हणूनच त्याच्या मुलांस दुधाची गरज अधिक आहे. ‘तो मिस्साला येत नाही,’ असेही कोणी म्हणतात. न येण्याची कारणे पुष्कळ असतात. नेसावयास चांगले वस्त्र नाही हे त्यांपैकीच एक, आणि ते आम्ही कल्पनेने सांगत नाही. आणखी एक आक्षेप असा की, आपला पैसा आपल्याच धर्मग्रामाच्या माणसांवर खर्च व्हावा. एकाच चाळीत एकाच आगीने दोन घरे जळाली असता, एकाच्या दारावर क्रूस आहे की तोरण आहे हे पाहून पुढे जाणे आम्हांस जमणार नाही, आणि संस्थेच्या नियमांसही ते मान्य नाही.

देणगी की कर्ज, हाही वाद जुना आहे. आपल्या वसईत सावकारीच्या फासातून शेतकऱ्यांस सोडविण्यासाठी मॉन्सिग्नोर मोनिस ह्यांनी 1918 साली कॅथॉलिक सहकारी पतपेढीचा पाया घातला, आणि तिची पुढे मोठी बँक झाली, हे येथील लहान मुलासही ठाऊक आहे. तिकडे रांचीस जेझुइट धर्मगुरू हॉफमन ह्यांनी 1909 सालीच आदिवासी बांधवांसाठी अशी पतपेढी काढिली होती. कर्ज हे त्या संस्थांचे काम; त्यांजपाशी त्याची विद्या आहे, तारण आहे, वसुली आहे. आमचे मंडळ पेढी नव्हे. आम्ही दिलेले परत मागत नाही. परंतु ज्याचे दिवस पालटतात तो पुष्कळदा आपणहून पेटीत टाकतो. किती टाकले व कोणी टाकले हे आम्ही विचारीत नाही. एकदा पेटीतून दोरीने बांधलेली एक पुरचुंडी निघाली. तिच्यात, त्याच घरास दोन वर्षांपूर्वी दिली होती बहुधा तेवढीच, रक्कम होती. ‘बहुधा’ म्हणतो, कारण ते ताडून पाहण्यास धर्मगुरूंचे कपाट उघडावे लागले असते, आणि ते उघडू नये असे सभेने एकमताने ठरविले.

एक गोष्ट मात्र सभासदांनी शिकलीच पाहिजे, ती म्हणजे कायद्याने गरिबास जे आधीच दिलेले आहे ते मिळवून देणे. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली मान्य केलेल्या योजनेप्रमाणे महाराष्ट्रातील धर्मादाय इस्पितळांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांस विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांस सवलतीने देणे बंधनकारक आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली शिधापत्रिकेवर धान्य आहे. एका घरी आम्ही गेलो तो बाई इस्पितळाच्या बिलासाठी घराचा कागद गहाण टाकण्याच्या बेतात होती. ते इस्पितळ धर्मादाय आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि इस्पितळानेही आपणहून सांगितले नव्हते. आमच्या दोघा सभासदांनी उत्पन्नाचा दाखला मिळविण्यास दोन दिवस तहसील कचेरीत घालविले. मंडळाचा खर्च रिक्षाभाड्यापुरता झाला, आणि कागद घरातच राहिला. अशा कामास पैशापेक्षा वेळ, धीर व थोडेसे लिहितावाचता येणे अधिक लागते. येथे निवृत्त शिक्षक व कचेरीतील मंडळी पुष्कळ बसली आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

2020 च्या मार्च महिन्यात टाळेबंदी आली, मंदिराची दारे बंद झाली, तेव्हा ह्या सर्व रीतीची परीक्षा झाली. रविवारची जमा थांबली आणि त्याच आठवड्यात गरज वाढली. रोजंदारीवर जाणारे, घरकामास जाणाऱ्या बाया, लोकल गाडीत फुले-भाजी नेऊन मुंबईस विकणारे, सर्वांचे हात एकदम रिकामे झाले. त्या वेळी दोघांनी घरी जाण्याचा नियम पाळता येईना, म्हणून दूरध्वनीवर भेटी घ्याव्या लागल्या. पैसे कोठून आले? ज्यांचे पगार चालू होते अशा काही घरांनी आपल्या महिन्याच्या खर्चातून ठरावीक भाग काढून दिला. शिधा रात्री दाराशी ठेवला जाई व मग दारावर टकटक करून देणारा निघून जाई. ह्यात संसर्गाचे भय हे एक कारण होते. परंतु त्यामुळे घेणाऱ्याची अब्रूही आपोआप राखली गेली. साथ ओसरल्यानंतरही काही घरांच्या बाबतीत आम्ही तीच पद्धत चालू ठेविली आहे.

येथून पुढे काय, हे सांगून आम्ही आपली रजा घेतो. मंडळाची पेटी आजवर मुख्य दाराशी होती; ती आता बाजूच्या दाराजवळ, भिंतीत बसविली आहे, म्हणजे टाकणाऱ्यास किंवा तिच्यात चिठ्ठी घालणाऱ्यास कोणी पाहणार नाही. चिठ्ठीत आपले नाव लिहिण्याची आवश्यकता नाही. ज्या घरी जावे असे आपणांस वाटते त्याचा पत्ता पुरे. पेटी दर सोमवारी व गुरुवारी उघडतात. मंडळाची सभा सोमवारी सायंकाळी रोझरीनंतर असते. तरुणांची संख्या सध्या फार कमी आहे, ती वाढावी. आजच्या सभेच्या शेवटी, ओझानाम ह्यांच्या वेळेपासून चालत आलेल्या रीतीप्रमाणे, कापडी थैली फिरेल. ज्यास काही टाकावयाचे असेल त्याने मूठ आत नेऊन सोडावी. ज्यास शक्य नसेल त्यानेही मिटलेली मूठ आत घालावी व तशीच बाहेर काढावी. थैली पुढच्या रांगेपासून निघेल.